मागच्या काचेखालचा आवाज

मोटारीतील ध्वनिक्षेपक फाटला की तो काढावा आणि नवा बसवावा, यात विचार करण्याजोगे काही असेल असे वरकरणी वाटत नाही. त्यातून मोटार पस्तिशी ओलांडलेली प्रीमिअर पद्मिनी असली, तर व्यवहारी माणूस एवढेच विचारील की, मोटारच का बदलू नये? झाशीतील एका निवृत्त रेल्वे अधिकाऱ्यांना हा प्रश्न मुलाने, शेजाऱ्यांनी आणि गावातल्या जवळजवळ प्रत्येक मिस्त्रीने विचारून झाला आहे. ते उत्तर देत नाहीत. पंधरा वर्षे पुरी झालेल्या खाजगी गाडीची नोंदणी पुढे पाच-पाच वर्षांसाठी नवी करून घ्यावी लागते. ती ते वेळेवर करून घेतात. वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमिअर कंपनीच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार झाली आणि शतक पालटले त्या सुमारास तिचे उत्पादनच थांबले. सुटे भाग जुन्या गाड्यांच्या अंगावरून उतरवून आणावे लागतात. आठवड्यातून एकदा ती लक्ष्मी तलावापर्यंत, फार तर ओरछ्यापर्यंत जाते आणि परत येते.

मात्र तिच्या मागच्या काचेखालच्या फळीवरील दोन ध्वनिक्षेपक निकामी झाले तेव्हा नवे निवडण्यास त्यांना पावणेदोन महिने लागले. इंजिनाच्या दुरुस्तीलाही एवढा वेळ त्यांनी कधी घेतला नव्हता.

या वस्तूला मराठीत नेमके काय म्हणावे, येथूनच घोटाळा आहे. वृत्तपत्रे कधी ध्वनिक्षेपक म्हणतात, कधी ध्वनिवर्धक, आणि हेच दोन्ही शब्द वक्त्याच्या तोंडापुढच्या यंत्रालाही लावतात. खेड्यातल्या माणसाने हा गुंता केव्हाच सोडविला. मंदिराच्या कळसाशी बांधलेल्या भोंग्याला तो कर्णा म्हणतो, म्हणजे तुतारीच्या जातीच्या एका जुन्या लांब वाद्याचे नाव त्याने या नव्या वस्तूला देऊन टाकले. पेटीतल्या वाटीला तो सरळ स्पीकर म्हणतो. झाशीच्या बाजारात तर दुसरा शब्दच नाही. तेथे ‘स्पीकर’ म्हणजे बोलणारा, आणि या हकीकतीत हा अर्थ जितका खरा ठरला तितका क्वचितच ठरत असेल.

झाशीतील मराठी माणसांचे, त्यांच्याच बोलण्यात, दोन थर आहेत. पहिला पेशवाईतला. छत्रसालाने १७२९ नंतर बाजीरावास बुंदेलखंडातला वाटा दिला, १७४२च्या सुमारास नारो शंकर झाशीत आला, त्याने ओरछेकर बीरसिंहदेवाच्या किल्ल्याचा विस्तार केला, वस्ती वाढविली, आणि मागाहून नेवाळकरांच्या अमलात ब्राह्मण, कारकून, शिलेदार, गवई असे कितीतरी लोक दक्षिणेतून येऊन राहिले. ज्या गणेश मंदिरात १८४२ साली गंगाधरराव आणि लक्ष्मीबाई यांचा विवाह झाला ते अजून उभे आहे. दुसरा थर रेल्वेचा. १९५१ साली मध्य रेल्वे स्थापन झाली तेव्हापासून २००३ साली उत्तर मध्य रेल्वे वेगळी होऊन कारभार अलाहाबादेकडे जाईपर्यंत, झाशीच्या विभागाचे मुख्य कार्यालय मुंबईत बोरीबंदरला होते. बदलीच्या हुकमावर भुसावळ, नागपूर, मनमाड येथली माणसे त्याच लोहमार्गाने वर सरकत झाशीस येत. काही परत गेली, काहींनी घरे बांधली. पहिल्या थरातले लोक दुसऱ्यांना ‘रेल्वेवाले’ म्हणत. दुसऱ्या थरातले पहिल्यांच्या मराठीला हसत.

निवृत्त अधिकारी दुसऱ्या थरातले. त्यांची पत्नी पहिल्या थरातली. हा विवाह १९६९ साली झाला. तेव्हापासून तिच्या मृत्यूपर्यंत त्या घरात एका व्यंजनावरून सौम्य स्वरूपाचे भांडण चालू होते.

मराठीच्या अभ्यासकाला ते व्यंजन कोणते हे सांगावयास नको. मराठीत च दोन आहेत. चिंच, चिमटा, चिवडा यांतला तालव्य, आणि चूल, चाळणी, चकली यांतला दंततालव्य. ज आणि झ यांचीही तीच गत. हिंदीत आणि बुंदेलीत हा दुसरा च नाही. लिपीने हा भेद कधी दाखविला नाही. मोडीतही नाही आणि बाळबोधीतही नाही. तो तोंडातून तोंडात जातो, आणि जेथे चहूबाजूंनी दुसरी भाषा आहे तेथे तो सर्वांत आधी झिजतो. तिच्या माहेरी पाच-सहा पिढ्या झाशीत काढलेल्या. त्या घरात सगळे च तालव्य झाले होते. ‘चकली’तला च आणि ‘चिवड्या’तला च तिच्या तोंडून सारखाच उमटे. क्रियापदे शुद्ध, म्हणी अशा की पुण्यातही आता ऐकू येऊ नयेत, सासऱ्यांशी बोलतानाची आदरार्थी रूपे जुन्या पत्रव्यवहारातल्यासारखी. आणि च मात्र हिंदीचा.

नवरा तो दुरुस्त करी. प्रथम एकांतात, मग जेवणाच्या पंगतीत, मग पाहुण्यांसमोरही. त्यात दुष्टावा नव्हता. त्याला ते गमतीचे वाटे. ज्याचे बालपण भुसावळच्या रेल्वे वसाहतीत गेले त्याने पुण्याच्या उच्चाराचा एवढा कैवार घ्यावा ही खरी गंमत होती, पण ती कोणाच्या लक्षात आली नाही. पत्नी हसे आणि शब्द पुन्हा उच्चारून दाखवी. काही वर्षांनी दुरुस्तीची गरज उरली नाही. ती ‘आपला’ च म्हणू लागली असे सर्वांना वाटले, आणि तोही एक विनोद झाला: “वीस वर्षं लागली, पण शिकली.”

मुलगी लग्न होऊन परदेशी गेली तेव्हाची टेलिफोनची गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण तिच्यामुळेच त्या कॅसेटी निर्माण झाल्या. परदेशचा टेलिफोन महाग होता हे एक कारण. दुसरे असे की, टेलिफोनच्या तारेतून साधारणपणे ३०० ते ३४०० कंपनांच्या मधलाच आवाज जात असे. माणूस ओळखू येतो, शब्द कळतात, पण स आणि फ यांच्यात गल्लत होते, आणि आवाजाची जी धार ती वरच्या भागात असल्यामुळे कापली जाते. मुलीने लिहिले, “तुझा आवाज येतो, तू येत नाहीस.” मग १९९० ते १९९६ या काळात आईने तिच्यासाठी सतरा कॅसेटी भरल्या. दिवाळीच्या फराळाच्या कृती, नात्यातल्या बातम्या, घराण्याच्या आठवणी, किल्ल्याच्या पायथ्याच्या जुन्या घराचे वर्णन. प्रत्येकीची एक प्रत पाठविली जाई आणि मूळ घरी राही. फिलिप्स कंपनीने १९६३ साली ही चपटी डबी प्रथम विक्रीस आणली तेव्हा तिचा मुख्य उपयोग कचेरीतले तोंडी मजकूर टिपून ठेवणे हाच होता. संगीत तिच्यात मागाहून शिरले. तेव्हा बाईंनी ती तिच्या मूळ हेतूसाठी वापरली म्हणावयाचे.

बाई २००९ साली वारल्या. घरातले टेपरेकॉर्डर एकामागून एक बिघडले. चालू राहिले ते फक्त मोटारीतले यंत्र. अशा रीतीने ती पद्मिनी, जिला मुलगा भंगार म्हणतो, त्या घरात बाईंचा आवाज ऐकण्याची एकमेव जागा होऊन बसली. आठवड्याच्या त्या फेऱ्यांचे प्रयोजन हेच होते, तलाव निमित्तमात्र. कॅसेटी संगणकावर उतरवून घ्याव्यात असा आग्रह नातीने तीनदा केला. एकदा तसा प्रयत्न झालाही होता. पण ज्या दुकानाकडे काम दिले त्याने एका फितीचा गुंता करून ती तोडून परत केली. त्यानंतर उरलेल्या सोळा कॅसेटी त्यांनी घराबाहेर जाऊ दिल्या नाहीत. गाडी हे त्यांच्या दृष्टीने घरच होते.

ध्वनिक्षेपक फाटण्याचे कारण साधे. बुंदेलखंडाचा खडक काळवंडलेल्या ग्रॅनाइटचा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि बंद गाडीच्या मागच्या काचेखाली त्याहून कितीतरी अधिक ताप साठतो. जुन्या ध्वनिक्षेपकाची वाटी कागदाच्या लगद्याची आणि तिला चौकटीशी जोडणारी काठाची पट्टी स्पंजाची असते. ऊन, हवा आणि दमटपणा यांनी तो स्पंज कालांतराने कुजतो आणि बोट लावले की भुगा होतो. वाटी मग एका बाजूला कलते, आतले तारेचे वेटोळे चुंबकाला घासते, आणि प्रत्येक शब्दामागून सुपात पाखडल्यासारखा आवाज येतो. राइस आणि केलॉग या दोन अभियंत्यांनी १९२५ साली ज्या रचनेचे वर्णन प्रसिद्ध केले तीच रचना, वाटी, वेटोळे आणि चुंबक, आजही बहुतेक सर्वत्र चालू आहे. शंभर वर्षांत तीत जे बदलले ते मुख्यतः काठाची पट्टी आणि वाटीचा पदार्थ. म्हणजे नेमके जे सडते तेच.

त्याच सुमारास दिल्लीत भाषाविज्ञानाचा अभ्यास करणारी नात सुटीला आली. बोलता बोलता ती म्हणाली की, आजी चकलीतला च हिंदीसारखा म्हणत असे, तिला चांगले आठवते. आजोबांनी ते साफ नाकारले. तो च त्यांनीच सुधारला होता. अर्धे झाशी साक्षीला होते. नात म्हणाली, “आजोबा, मी लहान होते, पण बहिरी नव्हते.” ते म्हणाले, “कॅसेट आहे. ऐक.” दोघे गाडीत जाऊन बसली. दिवाळीची कॅसेट लावली. सुपाच्या पाखडण्यातून ‘भाजणी’, ‘मोहन’, ‘सोऱ्या’ हे शब्द आले. च कोणता ते कळण्याचा संभवच नव्हता. दोन च मधला भेद ज्या सीत्कारात आहे तो फार वर, हजारो कंपनांच्या प्रदेशात असतो. तालव्याचा सुमारे तीन हजारांपासून सुरू होतो, दंततालव्याचा जोर त्याहून वर चार-पाच हजारांपुढे. फाटकी वाटी पहिल्यांदा हाच प्रदेश सोडून देते. वाद ध्वनिक्षेपकापाशी अडला.

म्हणून मग खरेदी. मुलाने मुंबईहून सांगितले, तीनशे वॅटचे घ्या. बाजारात पहिल्या दोन दुकानांनीही तेच सांगितले. एकाने पाचशेचे दाखविले. गाडीच्या मागे बसून गाणे छातीत लागले पाहिजे, हा हल्लीचा निकष. तिसऱ्या दुकानातला मिस्त्री निराळा निघाला. त्याने फाटक्या ध्वनिक्षेपकांकडे पाहिलेच नाही; यंत्राच्या तोंडात डोकावून म्हणाला, “बाबूजी, पहले हेड साफ कर लेते हैं, फिर स्पीकर को गाली देंगे.” स्पिरिटात बुडविलेल्या कापसाने त्याने फीत वाचणारा भाग पुसला; कापूस चॉकलेटी झाला. वर्षानुवर्षे फितीवरची पूड तेथे साचत होती, आणि तिचा थर असला की वरचे स्वर फितीवर असूनही वाचलेच जात नाहीत. मग त्या भागाचा कोन त्याने बारीक पेचाने किंचित फिरविला. फाटक्या वाट्यांतूनही फरक जाणवला. ज्याला विकावयाचे आहे त्याने आधी न विकण्याची शक्यता तपासावी, हे बाजारात सहसा दिसत नाही. आजोबांचा त्याच्यावर विश्वास बसला तो तेथे.

तीनशे वॅटची गोष्ट त्याने हसण्यावारी नेली. पेटीवर छापलेला आकडा हा ध्वनिक्षेपक क्षणभर किती सोसू शकेल याचा, आणि पुष्कळदा तोही फुगविलेला. प्रश्न तो नाहीच. जुन्या यंत्रात देण्याची शक्ती किती, हा प्रश्न. इंजिन चालू असता मोटारीच्या विजेचा दाब सुमारे चौदा व्होल्ट; साध्या जुळणीचा वर्धक चार ओहमच्या ध्वनिक्षेपकाला त्यातून फार तर सहा वॅट देऊ शकतो, मग दर्शनी पट्टीवर काहीही लिहिलेले असो. एवढ्याशा शिधोरीवर जो स्पष्ट बोलेल तो ध्वनिक्षेपक हवा. त्याचे माप वॅटमध्ये नसते. एका वॅटला एका मीटरवर किती डेसिबल, या आकड्यात असते. हा आकडा पेटीच्या मागे, बारीक अक्षरात छापलेला असतो, आणि कोणी वाचत नाही. ८६ डेसिबलच्या वस्तूला ९२च्या बरोबरीने बोलते करावयास चौपट शक्ती लागते. जड रबरी काठाचे, खर्जाने घुमणारे नवे ध्वनिक्षेपक बहुधा कमी संवेदनशील. त्यांना स्वतंत्र वर्धक जोडल्याशिवाय ते जुन्या यंत्रापाशी मुके राहतात. शिवाय दोन ओहमचे स्वस्तात मिळतात म्हणून घेऊ नयेत; जुने यंत्र त्यांना वीज पुरविता पुरविता तापून जळते.

हे सर्व नात वहीत टिपून घेत होती. आजोबा मान डोलवीत होते.

तीन मार्ग होते. एक, जुन्याच वाट्यांना नवी काठपट्टी चिकटवून घेणे. वरातीच्या ध्वनिक्षेपकांचे हे काम तो मिस्त्री नेहमी करीत असे आणि आजोबांचा कल तिकडेच होता. जे आहे ते राहावे. पण त्या लंबगोल वाट्यांत उच्च स्वरांसाठी मधोमध चिकटविलेली कागदाचीच एक लहान वाटी होती, आणि तिची धाव मुळातच बेताची. आवाज पूर्वीसारखा झाला असता. पूर्वीहून अधिक काही त्यातून ऐकू आले नसते. दोन, पुढच्या दारांत नवे गोल ध्वनिक्षेपक बसविणे. नातीला हे पसंत होते, कारण उच्च स्वर प्रकाशासारखे सरळ जातात, समोरून आले तरच नीट पोचतात. परंतु दारात काच खाली उतरावयास जागा लागते. चुंबकाची खोली अधिक झाली तर काच त्यावर आपटते, आणि पत्र्याला भोक पाडावे लागते ते निराळेच. आजोबांनी भोकाला नकार दिला. कारण विचारता त्यांनी पत्र्याचे नाव सांगितले. खरे कारण दोन दिवसांनी, दुसऱ्याच काही विषयात, निसटून गेले: बाई गाडीत नेहमी मागे बसत. पुढे आधी सासरे, मग मुलगा, मग कोणी पाहुणा. तीस वर्षे त्यांचा आवाज गाडीत मागून येत असे.

तेव्हा तिसरा मार्ग: त्याच फळीवर, त्याच लंबगोल सहा बाय नऊ इंची भोकांत, नवे द्विमार्गी ध्वनिक्षेपक, ज्यांत उच्च स्वरांसाठी रेशमी कापडाचा वेगळा छोटा घुमट असतो. आता असे पाच-सहा जोड समोर ठेवून निवड करावयाची. गाणे लावून निवड करू नये हे नातीचे म्हणणे. गाण्यात मोहून जायला होते आणि उणीव झाकली जाते. तिने आपल्या मोबाइलवर आपलाच आवाज मुद्रित केला: चकली, चाळणी, चूल, चिवडा, चिंच, चिमटा. मग तेच सहा शब्द दोन्ही रीतींनी, एकदा शुद्ध आणि एकदा आजीच्या माहेरच्यासारखे. ही बारा उच्चारांची यादी दुकानात निरनिराळ्या जोडांवर पुनःपुन्हा वाजविली गेली. येणारी-जाणारी गिऱ्हाइके थबकून पाहत. एकाने विचारले, हा कुठला मंत्र आहे.

मिस्त्री बुंदेलीभाषी. पहिल्या दिवशी त्याला यादीतले दोन भाग सारखेच ऐकू आले, आणि त्याने ते प्रामाणिकपणे सांगितले. जो भेद आपल्या भाषेत अर्थाला लागत नाही तो कान सोडून देतो. हे शास्त्र आहे. तिसऱ्या खेपेस तो अचानक थांबला आणि म्हणाला, “एक में सीटी दाँत के पास है, एक में पीछे.” ध्वनिविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात याहून नेमके वाक्य शोधावे लागेल. त्यानंतर निवड त्याच्यावरच सोपविता आली. दोन जोड खर्जात गुरगुरत होते, ते बाद झाले. एक इतका तीक्ष्ण की सगळेच व्यंजन दातांवर येत होते, तोही बाद. उरलेल्यांपैकी ९१ डेसिबलचा, कागदी वाटीचा एक जोड, जो दुकानात सर्वांत कमी दिमाखदार होता आणि तीन वर्षे विकला गेला नव्हता, त्याच्यावर त्याने बोट ठेवले.

याच वेळी नातीच्या एक गोष्ट लक्षात आली. मिस्त्री चुकत होता तेव्हा आजोबाही चुकत होते. मिस्त्री शिकला तेव्हाही ते चुकतच होते. यादीतला कोणताही उच्चार कोणत्याही जोडावर वाजविला की ते म्हणत, “छान आहे. स्पष्ट आहे.” वय एकोणऐंशी. माणसाचे कान वरच्या टोकाकडून रिकामे होत येतात. बोलणे ऐकू येते, दार वाजलेले ऐकू येते, फक्त व्यंजनांची धार जाते आणि ती गेल्याचे ज्याचे त्याला कळत नाही. बाकीचे लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, एवढेच वाटते. ज्या भेदासाठी त्यांनी चाळीस वर्षे दुसऱ्याची जीभ वळविली, तो भेद आता त्यांच्यासाठी उरला नव्हता. नात काही बोलली नाही.

जोडणीच्या दिवशी मिस्त्रीने दीड व्होल्टचा पेन्सिल सेल वाटीच्या तारांना क्षणभर टेकवून पाहिला. वाटी बाहेर आली तर तार सरळ, आत गेली तर उलटी. दोन वाट्यांपैकी एकीच्या तारा उलट लागल्या तर एक पुढे येते तेव्हा दुसरी मागे जाते, आणि मधोमध येणारा माणसाचा आवाज विरून सगळीकडे पसरतो. हे अनेक गाड्यांत वर्षानुवर्षे तसेच असते आणि मालक दोष ध्वनिक्षेपकाला देतो. मग त्याने फळीखाली जाड नमद्याचा तुकडा घातला, लाकडी पाचरांनी दोन्ही वाट्या पुढच्या बाजूस किंचित कलत्या केल्या, आणि मजुरी सांगितली ती अगदी थोडी.

झाशीच्या मराठीविषयी आपल्याला काय माहीत आहे, हा प्रश्न त्या गाडीत बसलेल्या मुलीच्या मनात असणे स्वाभाविक होते. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५८च्या वेढ्यात या शहरात होते. ‘माझा प्रवास’ हे त्यांचे कथन चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केले. शहराची लूट आणि ग्रंथसंग्रहाचा नाश त्यात आहे. पण राणीच्या वाड्यात कोणता च बोलला जात होता हे कोणत्याही कागदावर नाही, कारण कागदावर ते लिहिताच येत नव्हते. झाशी पडल्याला एकोणीस वर्षे झाल्यावर एडिसनने आवाज साठविणारे यंत्र दाखविले. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठी खंड १९०५ साली निघाला आणि पुढे त्या सर्वेक्षणाच्या निमित्ताने निरनिराळ्या बोलींचे नमुने ग्रामोफोनच्या तबकड्यांवर घेतले गेले. तेही कोणा ना कोणा निवडक माणसाला समोर बसवून, सांगितलेला मजकूर बोलावयास लावून. स्वयंपाकघरातल्या बाईने मुलीला सांगितलेली चकलीची कृती हा निराळा पुरावा आहे. तीत बोलणाऱ्याला आपण तपासले जात आहोत हे माहीत नसते. निदान तसे वाटते.

नात मागे बसली, म्हणजे काचेखाली. आजोबा नेहमीच्या जागी, चक्रामागे. इंजिन चालू ठेवले, कारण विजेचा दाब पुरा हवा होता. कॅसेट सुरुवातीपासून लागली. भांड्यांचा आवाज, कुकरची शिटी, आणि मग अगदी जवळून, जणू पाठीमागच्या आसनावरून, बाई बोलू लागल्या. तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची एक, धने, जिरे. भाजणी मंद आचेवर. चाळणीने चाळून घे. चकली मोडली तर मोहन जास्त झाले असे समज. प्रत्येक च तालव्य, प्रत्येक ज तालव्य. झाशीचा, माहेरचा, न लाजणारा. चार मिनिटे हे असेच चालले. त्या बोलण्यात एक मोकळेपणा होता. मधे त्या स्वतःशी हसल्याही.

मग दाराची कडी वाजली. दूर एक पुरुष खोकला.

बाई क्षणभर थांबल्या. पुढचे वाक्य सुरू झाले: “तर चकली तळताना...” आणि तो च दातांशी होता. त्यापुढचेही सगळे. चूल, चटका, भाजणी. निर्दोष. आवाज किंचित वर चढलेला, कोणाला ऐकवीत असल्यासारखा. कॅसेटची ती बाजू संपेपर्यंत एकही चूक नव्हती, आणि त्या हसल्या नाहीत.

“कोणता आहे?” आजोबांनी आरशात पाहत विचारले.

नातीने उत्तर द्यावयास वेळ घेतला. “दोन्ही आहेत,” ती म्हणाली. “आधी हिंदीसारखा. मग आपला.”

“मधे काय आहे?”

“मधे तुम्ही आहात, आजोबा.”

त्यांनी इंजिन बंद केले. मग आठवण होऊन पुन्हा सुरू केले. फीत मागे घेतली, थोडी अधिक मागे गेली, पुन्हा पुढे आणली. तांदूळ, डाळ, चाळणी. खोकल्याच्या अलीकडे त्यांनी ती थांबविली आणि पुन्हा मागे नेली. असे तीनदा झाले. त्यांना त्यात वेगळे काही ऐकू येत नव्हते हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होते.

“इथे ती कशी म्हणते ते म्हणून दाखव,” ते म्हणाले.

नातीने ‘चकली’ हा शब्द आजीसारखा उच्चारला.

त्यांनी तो म्हणून पाहिला. त्यांची जीभ सवयीने दातांपाशीच गेली. दिवसातून शंभर वेळा ती हिंदी बोलताना योग्य जागी जात असे, चमेली म्हणताना, चौराहा म्हणताना. या एका शब्दात मात्र ती वळेना.

“पुन्हा म्हण,” ते म्हणाले.